पडले नाही, बसले

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ. त्यातल्या डाव्याचं ऑपरेशन झालंय आणि त्याला जास्त चांगलं दिसतं, म्हणून त्याची दोनदा. आमच्या घरात माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. बाहेर दोन थेंब पडले असं मी म्हटलं की सून गॅलरीत जाते आणि हात बाहेर काढून बघते. तिला काय बघायचंय ते बघू दे. पण त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी स्टुलावर चढले, सगळ्यात वरच्या फळीवर माझ्यापासून लपवून ठेवलेल्या साखरेच्या डब्याला माझं मधलं बोट लागलं, खरंच लागलं, आणि पुढच्या क्षणी स्टूल होतं तिथेच होतं, मी नव्हते. फ्रिजला पाठ टेकून मी फरशीवर होते. डावा पाय माझ्यासमोर पसरला होता आणि तो कोणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा दिसत होता, जरा बाहेर वळलेला, माझा नसल्यासारखा. दुखत नव्हतं अजून. दुखणं जिना चढून येत होतं, त्याची पावलं ऐकू येत होती. घरात कुत्रं नाही की माणूस नाही. आणि अशा रिकाम्या स्वयंपाकघरात मी मोठ्याने म्हणाले, पडले नाही, बसले.

कोणाला म्हणाले मी ते? फ्रिजला? फ्रिज घुं घुं करत होता. त्याने ऐकून घेतलं आणि तो थांबला, थांबतो मधून मधून, आणि मग घरात इतकं शांत झालं की मला माझंच वाक्य परत ऐकू आलं. एकतीस वर्षांनी. मला वाटलं होतं, नोकरी सुटली तेव्हा ते तिथेच राहिलं, युनिफॉर्मच्या खिशात, थर्मामीटरशेजारी. पण नाही. ते माझ्या तोंडातच होतं, दाताच्या फटीत अडकल्यासारखं, आणि हादरा बसला तसं निघालं.

उठायचा प्रयत्न केला एकदा. मग दुखणं जिना चढून आत आलंच. म्हणून बसून राहिले आणि विचार केला की आता काय. कारण त्याआधीच्या महिन्यात मी बाथरूममध्ये पाय सटकून खाली गेले होते, आणि तेव्हा मुलगा आणि सून माझ्यासमोर बसून, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं बोलले होते. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते म्हणाले, आई, पुन्हा एकदा असं झालं तर तुम्हाला दिवसभर घरी एकटं ठेवणार नाही. मोठ्या रस्त्यापलीकडे म्हाताऱ्यांचं ते घर आहे ना, तिथे. मी बघून आलेय ते. स्वच्छ आहे. भिंतींना सगळीकडे धरायला दांडा आहे आणि खिडकीशी ओळीने खुर्च्या आहेत आणि खुर्च्यांतली माणसं दाराकडे तोंड करून बसलेली आहेत. मी आत गेले तर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांची कोणी नाही हे कळल्यावर सगळ्यांनी एकदम मान फिरवली. त्या मान फिरवण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हा मी ठरवलं होतं की पुन्हा पडायचं नाही, आणि पडलं तर सांगायचं नाही.

साडेदहाला गळ्यातला फोन वाजला. हो, गळ्यात, सुनेने दोरी बांधून अडकवलाय, गाईच्या घंटेसारखा. माझी सून दवाखान्यांतल्या लोकांना शिकवते. डॉक्टर, नर्सेस, लॅबवाले, असे तीसेक जण एका खोलीत बसवते आणि एकमेकांशी कसं बोलावं ते शिकवते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना, म्हटलं, एवढी शिकलेली माणसं आणि त्यांना बोलायला शिकवायला माणूस लागतो? ती म्हणाली, आई, बोलतात सगळे. पण बाहेर, जिन्यात बोलतात. खोलीत बोलत नाहीत. तर तिचा फोन. चहाची सुट्टी झाली होती, मागे कप वाजत होते. आई, काय करताय, म्हणाली. मी म्हटलं, बसलेय. यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, बरं, आज जेवणाच्या सुट्टीआधी तुमचीच गोष्ट सांगणार आहे, नवीन बॅच आहे, ऐकून सगळे सरळ बसतात बघा. आणि फोन ठेवला. मी फ्रिजला टेकून, साखरेशिवाय, आणि तिकडे तीस माणसं माझी गोष्ट ऐकून सरळ बसणार.

ती गोष्ट म्हणजे अशी. मी पुरुषांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते, अठ्ठावीस खाटा. आमची मेट्रन अशी होती की ती शिंकली तर तिसऱ्या मजल्यावरचे ताप उतरायचे, हेही खरं आहे, चार्टवर नोंदी होत्या. त्या वर्षी वरच्या ऑफिसातून एक साहेब आले. दवाखाना सुधारायचा होता. त्यांचं नाव मी घेत नाही, आम्ही त्यांना आलेखसाहेब म्हणायचो, कारण ते कुठलीही गोष्ट रेषेत काढून दाखवायचे. त्यांनी एक टीम केली: ते स्वतः, मेट्रन, डॉक्टर, औषधांवाले बाबू आणि मी. पाच माणसं, पाच खुर्च्या. दर मंगळवारी दीड वाजता, वॉर्डातली जेवणं झाली की. डॉक्टर उघड्या डोळ्यांनी झोपायचे, पाव तासाला एकदा पापणी लवायची, त्यावरून आम्ही वेळ मोजायचो. आलेखसाहेब म्हणायचे, टीम म्हणजे एक शरीर. मेट्रन म्हणायची, मग यातलं पोट कोण, आणि बाबूंकडे बघायची. हसायचो आम्ही. चांगली टीम होती, हे लक्षात ठेवा. आम्ही एकमेकांवर खूश होतो.

काम एकच. पेशंट पडता कामा नयेत. महिन्याला नऊ-दहा पडायचे. पडला की गुलाबी फॉर्म भरायचा, आणि फॉर्म भरला की तासाभरात डॉक्टरने यायचंच, डोळ्यांत टॉर्च मारायचा, डोकं चाचपायचं. म्हणजे तो कागद नव्हता, डॉक्टरला बोलवायची घंटा होती ती. हे मला आज फरशीवर बसून इतकं स्वच्छ दिसतंय. तेव्हा तो कागदच वाटायचा. आणि लिफ्टशेजारी आलेखसाहेबांनी एक फळा लावला: कोणीही न पडता गेलेले दिवस. रोज सकाळी आकडा एकाने वाढवायचा, कोणी पडलं की शून्य. शून्य लिहायला मलाच जावं लागायचं. लिफ्टमधून येणारे-जाणारे बघायचे, मी खडूने गोल काढतेय. एकदा अकरापर्यंत गेला आकडा. आणि त्या दिवशी एक गृहस्थ खाटेवरून उतरताना घसरले, अगदी हळू, गादीला घासत घासत, लागलं काहीच नाही. ड्यूटीवरची सिस्टर रडकुंडीला आली, म्हणाली, आता परत शून्य. आणि मला, माझ्या या जिभेला, गंमत सुचली. मी म्हटलं, अगं पडले कुठे? बसले. माणूस खाटेवर बसतो, खुर्चीवर बसतो, हे फरशीवर बसले. सगळा वॉर्ड हसला. ते गृहस्थ खाली बसल्या बसल्या हसले. आणि तिने वहीत लिहिलं, पेशंट दोन वाजून दहा मिनिटांनी फरशीवर बसले.

त्यानंतर कोणी पडलं नाही. पंधरा दिवसांत शब्द सगळीकडे गेला. पेशंटच म्हणायला लागले, सिस्टर, मी जरा बाथरूमपाशी बसलो. एक पहिलवान जिन्यावरून सात पायऱ्या बसत बसत उतरले. टीमलाही माहीत होतं, म्हणजे कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. आलेखसाहेबांची रेष घसरगुंडीसारखी खाली आली आणि ते तिच्यावरून असं बोट फिरवायचे की बघणाऱ्याने दुसरीकडे बघावं. आणि याच दिवसांत मावशीने मला गाठलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डाची आया, ठेंगणी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ओली गोधडी उचलावी तशी माणसं उचलायची. जिन्यात बादली खाली ठेवून म्हणाली, बाई, एक सांगू का. जेवणं झाली की अर्ध्या तासाने सगळ्यांना एकदम लघवीला लागते. आणि नेमकं तेव्हाच आम्हाला ताटं गोळा करून खाली पोचवायला पाठवतात. वर कोणी नसतं. म्हणून उठतात बिचारे एकटे. एवढंच. बादली उचलून ती गेली. सहा महिने आम्ही पाच जण रेषा काढत होतो आणि तिने ते बादली खाली ठेवून उचलेपर्यंत सांगितलं. मी म्हटलं, टीमपुढे मांडते. आणि नाही मांडलं. कसं मांडणार? कोणी पडतच नव्हतं. का पडतात हे कुठल्या तोंडाने विचारू? आणखी एक, आता लपवून काय करायचंय: ते मला सुचलेलं नव्हतं.

बारा वाजले असतील. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, माझ्या पसरलेल्या पायापर्यंत आलं आणि पावलावर बसलं. मला घड्याळकाका आठवले. सतरा नंबरचे. घड्याळं दुरुस्त करायचे आयुष्यभर, आता हात थरथरायचा, आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू होत्या. आमच्या वॉर्डाचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं आणि त्यावर सगळा वॉर्ड वेळेवर चालायचा. त्यांनी ते हट्टाने दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे उशिरा यायला लागलो. त्यांना पडायची फार भीती वाटायची. उठताना खाटेची कड धरून आधी दोन वेळा पाय आपटायचे, फरशी जागेवर आहे का बघायला.

शंभरावा दिवस मंगळवारी आला. आलेखसाहेबांनी केक आणला, वर क्रीमने शंभर. दीड वाजून गेला होता, सुरी माझ्या हातात दिली होती, कारण वॉर्ड माझा. दारात मावशी आली. आत कधी यायची नाही ती, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, हात ओले, दम लागलेला. म्हणाली, बाई, घड्याळकाका. मी सुरी धरलेला हात तसाच वर केला, थांब या अर्थाने. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी हसून विचारलं, बसले का?

खोली हसली. डॉक्टरसुद्धा जागे झाले आणि हसले. मावशी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, किती वेळ ते मला माहीत नाही, पापणी मोजावी तर डॉक्टर जागे होते. मग म्हणाली, हो. बसले. आणि गेली. मी केक कापला. क्रीमच्या एका शून्यातून सुरी गेली. माझ्या वाट्याला आला तो तुकडा फार गोड होता, तेव्हापासून मला साखर फार आवडते किंवा अजिबात आवडत नाही, यातलं खरं काय ते मलाच कळलेलं नाही. वहीत लिहिलं गेलं, सतरा नंबर दोन वाजता बाथरूमपाशी बसले. गुलाबी फॉर्म नाही, म्हणून टॉर्च नाही, म्हणून डोकं कोणी चाचपलं नाही. साडेचारला चहा आला तेव्हा ते उठले नाहीत. संध्याकाळी गेले. त्यांची बायको चष्म्याचं घर हातात घेऊन आली. रडत नव्हती. मला म्हणाली, सिस्टर, ते पडले होते का हो? मी म्हटलं, नाही, बसले होते. ती म्हणाली, बरं झालं. पडायला फार घाबरायचे. आणि माझा हात दाबला तिने, आभार मानल्यासारखा. हे मी घरी कधी सांगितलं नाही. सुनेच्या गोष्टीत हे नाही.

सुनेच्या गोष्टीत पुढचं आहे. चार दिवसांनी चौकशीची बैठक झाली. त्याच खोलीत, पाच खुर्च्यांवर आम्ही पाच, आणि भिंतीशी मावशी, कारण तिला बोलावलं होतं पण सहावी खुर्ची नव्हती. प्रश्न असा होता की पेशंटला एकटं कोणी सोडलं. सगळे भिंतीकडे बघत होते. आणि मग मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, गुडघा कटकन वाजला. मी म्हणाले, साहेब, माणूस पडला. बसला नाही, पडला, डोकं आपटलं, मोठा आवाज झाला. ताटं आमच्या हातात देता आणि मग विचारता, माणूस का पडला. आधी काय उचलायचं ते एकदा सांगा. दुरुस्त केलेलं घड्याळ वाजत होतं. पुढच्या महिन्यापासून ताटं अर्धा तास उशिरा गोळा व्हायला लागली आणि पडणं निम्म्यावर आलं, खरं पडणं, गुलाबी फॉर्मातलं. मावशीची बदली धुलाईखात्यात झाली. मी तिला तिथे एकदा बघितलं, वाफेत. तिने मान हलवली, ओळख दिल्यासारखी. मी घाईत होते.

ही गोष्ट मी सुनेला ती नवी नवरी असताना सांगितली होती, आणि ती इतकी भारावली की तिने हेच काम धरलं. ताटांचं ते वाक्य ती पडद्यावर लावते. खाली लिहिते, एक सिस्टर. सव्वाबारा झाले होते, म्हणजे ते वाक्य आत्ता पडद्यावर असणार. तीस माणसं सरळ बसलेली असणार. आणि मी इथे. माझ्या मनात आलं की दुपारी ती घरी येईल, मला अशी बघेल, आणि मी काय म्हणेन ते मला माहीत आहे, आणि ती विश्वास ठेवायला बघेल, कारण तिला दांड्याच्या घरात मला पाठवायचं नाहीच आहे. सांभाळून उचलून खुर्चीवर बसवेल. टॉर्च नाही. रात्री कधीतरी मी उठणार नाही. तेवढंच. एवढं सोपं आहे ते. ऊन पावलावरून घोट्यावर आलं होतं आणि घोट्याला ते कळत नव्हतं. मला एकाएकी फार भीती वाटली, मरणाची नव्हे, त्या वहीतल्या ओळीची.

मी फोन लावला. तिने वर्ग चालू असताना उचलला, कधी उचलत नाही. मी म्हटलं, मी पडलेय गं. दहा वाजल्यापासून. ती म्हणाली, तुम्ही तर बसलेय म्हणालात. मी म्हटलं, हो. ते खोटं होतं. मागे तीस माणसांची शांतता ऐकू येत होती. ती म्हणाली, हलू नका, डोकं आपटलं का, आधी तेवढं सांगा. आणि मला इतकं रडू आलं, आई शप्पथ, की डोकं आपटलं नाही हे सांगायला दोन मिनिटं लागली. कारण हे कोणीतरी विचारायला हवं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये ती माझ्याशेजारी बसली होती, माझ्या केसांतून बोटं फिरवत, सारखी डोकं चाचपत होती. न राहवून म्हणाली, आई, एक विचारू? त्या दिवशी एवढ्या लोकांसमोर उभं राहताना तुम्हाला भीती नाही वाटली? मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, इंजेक्शन चढलं.

आता मी दांड्याच्या घरात आहे. माझी खुर्ची खिडकीपासून तिसरी. दार वाजलं की मीही बघते आणि मीही मान फिरवते, त्याचा आवाज आतून येत नाही. सून गुरुवारी येते. परवा म्हणाली, नवीन बॅच आहे पुढच्या आठवड्यात. म्हणून हे लिहायला घेतलं, तिला वाचायला देणार आहे, बॅचच्या आधी. मेट्रनची शिंक खरी, पहिलवानाच्या सात पायऱ्या खऱ्या, डॉक्टरांची पापणी खरी. एकच तपशील मी जुळवलाय, डाव्या डोळ्याची शपथ मागे घेते. त्या खोलीत जे बोललं गेलं ते अक्षर न् अक्षर तसंच बोललं गेलं. फक्त उभं कोण होतं तेवढं बदललं. उभी मावशी होती, तिला खुर्चीच नव्हती. ताटं आमच्या हातात देता, असं ती म्हणाली. त्या 'आमच्या'वरूनच सुनेने ओळखायला हवं होतं, मी कधी ताट उचललं? साहेबांनी तिला विचारलं, हा बसण्याचा शब्द काढला कोणी? तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, सगळेच म्हणतात. आणि मी, एवढी बोलकी, काही बोलले नाही, उठले नाही, गुडघासुद्धा वाजला नाही.

मी बसले होते. आणि या खेपेला बसले म्हणजे बसलेच.